चुगलखोर यंत्राची गाडी

आमच्या गाडीतले किस्से मी मुद्दाम जमवलेले नाहीत. घरात रिकाम्या पिशव्या साठत जातात, तसे ते साठले. एका पिशवीत दुसरी, दुसरीत तिसरी, आणि एक दिवस कपाटाचं दार उघडावं तर सगळ्या अंगावर! सध्या माझं तसं झालं आहे. समोर माणूस दिसला की मी किस्सा सांगतो. बायको म्हणते, "रिटायर झाल्यावर लोकांना शुगर होते, तुम्हाला हे झालं."

गाडी म्हणजे जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत गावोगाव फिरून बायकांच्या स्तनांची तपासणी करणारी एका ट्रस्टची गाडी. मी जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केली, आता या गाडीबाहेर टेबल टाकून नावं लिहितो. आत दोघी असतात. एक डॉ. चौधरी मॅडम, रावेरकडच्या केळीवाल्यांची लेक. दुसरी यंत्र चालवणारी शाहीन, जळगावात लोखंडी कपाटं बनवणाऱ्या मिस्त्रींची मुलगी. गाडी हाकतो सोनगीरचा गुलाबभाऊ. मला सगळे नाना म्हणतात. एवढाच आमचा कारभार.

यंत्र विजेचं आहे. बाईने हातात धातूची एक दांडी धरायची. शाहीन जेली लावून छातीवर एक चौकोनी पट्टी टेकवते, आणि बाईला कळणारही नाही इतका बारीक करंट मधून जातो. गाठीतून तो जरा निराळा वाहतो, म्हणून पडद्यावर तिथे पांढरा डाग उमटतो. डाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. इथे नीट बघा, एवढंच. डाग नसला तरी मॅडम हाताने तपासल्याशिवाय कोणाला सोडत नाहीत. यंत्रावर त्यांचा विश्वास माझ्यावर आहे त्यापेक्षा थोडाच जास्त आहे.

डाग दिसलेल्या बाईने बुधवारी जळगावच्या आमच्या सेंटरवर यायचं. तिथे मॅमोग्राफी, सोनोग्राफी, गरज पडली तर सुईची तपासणी. हे 'यायचं' जे आहे ना, सगळं तिथेच अडतं.

* * *

जामनेरकडच्या एका गावात आमचं उद्घाटन होतं. एका पुढाऱ्याने भाषण ठोकलं, "माताभगिनींनो, हे यंत्र नुसतं लावलं की कॅन्सर जागच्या जागी जळून खाक!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. कचेरीत असताना याहून मोठ्या थापांना वाजवलेल्या आहेत, हात सवयीने उठतात.

मॅडम उठल्या आणि त्यांनी माईक घेतला. "भाऊंचे आभार. पण हे यंत्र काही जाळत नाही, काही बरंही करत नाही. हे फक्त चुगली करतं. आत काय चाललंय ते बाहेर येऊन सांगतं. आणि चुगलीच ती, कधीकधी खोटीही निघते. म्हणून खात्री करायला जळगावला यावं लागतं."

पुढाऱ्याचा चेहरा पडला. तेवढ्यात मागून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "म्हंजे आमच्या जावेसारखंच हाये की!"

सगळ्यात मोठ्याने हसली ती शेजारी बसलेली जाऊच.

ही आवाजवाली बाई म्हणजे सुमनबाई. नाव अर्थातच बदललं आहे. हे लिहिलेलं मी त्यांना वाचून दाखवलं, त्यांनी परवानगीही दिली. फक्त म्हणाल्या, "नाना, नाव बदललं ते ठीक. पन बदलायचंच व्हतं तर जरा बरं तरी शोधायचं!"

* * *

पहिल्याच दिवशी यंत्र रुसलं. बाई दांडी धरायची आणि पडद्यावर यायचं, संपर्क नाही. दुसरी बाई, तेच. तिसरी, तेच. शाहीनने वायरी काढून पुन्हा लावल्या, बॅटरी बदलली. शहरातल्या इंजिनिअरला व्हिडिओ कॉल केला. तो एसीत बसून म्हणाला, "पेशंटला दांडी घट्ट धरायला सांगा."

स्टुलावर तेव्हा सुमनबाई होत्या. त्या म्हणाल्या, "आजून किती घट्ट? वाकून जाईल ना ती!"

मॅडमनी स्वतः दांडी धरली. यंत्र लगेच चालू. शाहीनने धरली, चालू. मग मॅडमनी सुमनबाईंचा तळहात हातात घेतला आणि त्यावरून अंगठा फिरवला. केळीचे घड वाहून, कापूस वेचून, विळा धरून त्या हाताची कातडी अशी झाली होती की करंट दारातूनच परत जात होता. मॅडम फोनमध्ये म्हणाल्या, "दांडी घट्टच धरलीय हो. तुमचं यंत्र मऊ हातांवर शिकलंय, एवढंच."

त्यावर उपायही त्यांनीच काढला. गाडीबाहेर कोमट पाण्याची घमेली मांडली. बायकांनी आधी हात भिजवायचे, मग ओलं फडकं धरून बसायचं, मग आत जायचं. यंत्र सुतासारखं सरळ आलं. बायका मात्र कुरकुरल्या, "घरी भांडी, वावरात पानी, अन् डॉक्टरकडे आलं तरी हात पान्यातच!"

दुसऱ्या दिवशी कॅम्प त्याच गावात होता, तेव्हा इंजिनिअर स्वतः खात्री करायला आला. त्याने न भिजवता दांडी धरली. यंत्र पटकन चालू! तो विजयी मुद्रेने बघू लागला. जावेला घेऊन आलेल्या सुमनबाईंनी त्याचा हात ओढून घेतला, चोळून पाहिला आणि रांगेला ओरडून सांगितलं, "बायाहो, याले काही इचारू नका. यानं आजून काही धरलंच नई!"

* * *

नरडाण्याकडच्या एका गावात एक आबा काठी टेकत थेट गाडीच्या दाराशी आले. काय चाललंय ते त्यांनी गुलाबभाऊकडून समजून घेतलं. मग मॅडमना म्हणाले, "विहीरवरनी मोटारले दिवसा करंट नही, अन् तुम्ही बायास्ले करंट देवाले निंघनात?"

मॅडम म्हणाल्या, "आबा, हा तुमच्या लाईनचा नाही. बॅटरीत भरून आम्ही घरून आणलाय. आणि अगदी थोडासा लागतो."

आबांनी विचार केला. "मंग उरना तर माले द्या. दोन वाफा पानी भराना राह्यनात!"

* * *

आता सगळे किस्से हसण्याचे नसतात. हात भिजवल्यावर सुमनबाईंची तपासणी नीट झाली, आणि डाव्या बाजूला वर पांढरा डाग आला. शाहीनने पुसून, नवी जेली लावून पुन्हा बघितलं. डाग तिथेच. मॅडमनी हाताने तपासलं, त्यांच्याही बोटांना काहीतरी लागलं.

"बुधवारी जळगावला या," मॅडम म्हणाल्या.

गाडीचा पत्रा पातळ, त्यामुळे बाहेर टेबलाशी मला सगळं ऐकू येत होतं. सुमनबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "बाई, पोरीचं जमलंय. नरडान्याकडचे पाव्हने हायेत, घर चांगलं हाये. मले आसं काही हाये हे कळलं, तर म्हनतीन आईले हाये म्हंजे उद्या पोरीलेही व्हईन. आलेला नारळ परत जाईन."

"लग्न कधी आहे?"

"उन्हाळ्यात."

दिवाळी नुकतीच झाली होती. मॅडम म्हणाल्या, "इतकं थांबणं बरं नाही. काही निघालं तर आत्ता ते लहान असेल. आणि कदाचित काहीच निघणार नाही."

"पोरीचे हात पिवळे व्हऊ द्या. मग माझं काय करायचं ते करा."

मॅडमनी व्याख्यान दिलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मी कोणाला सांगणार नाही. पण वाट बघीन."

सुमनबाई बाहेर आल्या, पदर सारखा केला आणि माझ्या टेबलाशी थांबल्या. "नाना, माझ्या नावापुढं काय लिव्हलं?"

"अजून काहीच नाही."

"मग ठीक. लिव्हलं नई म्हंजे झालं नई. सरकारात आसंच आसते ना?"

मला कचेरीतली सगळी वर्षं आठवली.

* * *

मी मात्र ठरवलं की या बाईला आणायचंच. युक्ती माझी, म्हणजे अस्सल सरकारी. घरी फोन करायचा आणि सांगायचं, सुमनबाईंचा अंगठा बँकेच्या मशीनवर उठत नाही, बुधवारी स्वतः जळगावला यावं लागेल. अंगठा दुसऱ्या कोणाचा चालत नाही, तेव्हा नवराच बायकोला बसमध्ये बसवून देईल. अशी हुशारी नोकरीत दाखवली असती तर वरच्या खुर्चीतून रिटायर झालो असतो.

फोन नवऱ्याने उचलला. मी सगळं पढवल्यासारखं सांगितलं.

तो म्हणाला, "ओटीपी सांगू का?"

"नको, नको. ओटीपी नको."

"आसं कसं नको? तुम्ही लोकं ओटीपीशिवाय फोन करता का?"

"अहो, मी बँकेतून..."

"आवाजावरून म्हातारे दिसता. या वयात कायले आसले धंदे करता, बाबा? घरी पोरंबाळं पाहात नईत का?"

मग पंधरा मिनिटं त्याने मला सन्मार्गाला लावलं, आणि ते झाल्यावर माझा नंबर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली मजकूर, "या म्हाताऱ्यापासून सावध राहा. गोड बोलतो." पुढचे कित्येक दिवस जामनेर तालुक्यात माझा फोन कोणी उचलेना. गुलाबभाऊला फार आनंद झाला. "नाना, आते तुमनं नाव बठ्ठा तालुकामा व्हई गयं!"

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाना, खोटं सांगून आणलेली बाई एकदाच येते. मला ती दर वर्षी यायला हवी आहे."

* * *

त्याऐवजी त्यांनी काय केलं? बुधवारचा पहिला नंबर सुमनबाईंसाठी रिकामा ठेवला. दर बुधवारी.

मी नियमावर बोट ठेवलं. "मॅडम, लोक लांबून येतात आणि आपण नंबर रिकामा ठेवतो. ऑडिटला काय सांगायचं?"

"सांगा, व्हीआयपी कोटा आहे."

"आणि व्हीआयपी कोण?"

"येतील तेव्हा दिसतील."

त्या फोन करायच्या नाहीत, निरोपही पाठवायच्या नाहीत. गावात गोष्ट फुटायला निरोप्याचा चेहराही पुरतो, हे त्यांना ठाऊक होतं. फक्त एकदा जामनेरच्या बाजारात भाजीवाल्यासमोर सुमनबाई लेकीला घेऊन उभ्या दिसल्या. मॅडम शेजारी जाऊन मेथी निवडू लागल्या आणि मान वर न करता म्हणाल्या, "पहिला नंबर अजून तुमचाच आहे."

सुमनबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. भाजीवाल्याला म्हणाल्या, "कोथिंबीर लई महाग केली रे भाऊ! आमच्यासारख्यानं करायचं काय?"

मॅडमनी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. त्यांच्या घरी मेथी कोणी खात नाही. त्या जुड्या मी नेल्या.

* * *

जळगावात शाहीनच्या मोहल्ल्यात कॅम्प होता. तिथे बायकांना करंटची भीती नव्हती. भीती होती फोटोची. आपला तसला फोटो निघणार आणि उद्या कोणाच्या मोबाइलमध्ये दिसणार! कोणी पुढे येईना. शेवटी शाहीनच्या ओळखीच्या एक वयस्कर खाला उठल्या. "मेरी उमर में अब कौन देखेगा? चल, मेरा निकाल."

तपासणी झाली. मॅडमनी दार किलकिलं करून बायकांना आत बोलावलं आणि खालांच्या परवानगीने पडदा दाखवला. राखाडी रंगाचे चौकोन, पाण्यात भिजलेल्या फरशीसारखे. बास.

बायकांचा जीव भांड्यात पडला. खाला मात्र चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या. "ये मैं हूँ?"

"हाँ, खाला. सब ठीक है."

"क्या ठीक है? इसमें तो मैं कहीं दिखतीच नहीं! और मैं सुरमा लगा के आई!"

* * *

सोनगीर हे गुलाबभाऊचं स्वतःचं गाव. आपली गाडी आपल्या गावात येणार म्हटल्यावर त्याने पहाटे उठून ती धुतली, नारळ फोडला, गाडीला हार घातला, चाकांना शेंदूर लावला. एवढ्यावर थांबला असता तर तो गुलाबभाऊ कसला?

कॅम्प सुरू झाला. पहिल्या बाईच्या चित्रात कोपऱ्यात एक विचित्र ठिपका. दुसरीच्या चित्रात तोच. तिसरीच्याही. मॅडम म्हणाल्या, "थांब. इतक्या बायकांना एकाच जागी एकच गोष्ट होते का?" शाहीनने पट्टी उलटी केली आणि प्रकाशात धरली. कोपऱ्यात अंगठ्याएवढा तेलकट केशरी ठसा!

गुलाबभाऊची चौकशी झाली. तो म्हणाला, "मी पुसं व्हतं! अन् माले काय माहीत, यंत्रनं तोंड कोनतं अन् पाठ कोनती?"

पट्टी स्पिरिटने साफ झाली. सगळ्या बायकांना पुन्हा आत बोलावलं. त्या घाबरल्या, कुजबुजू लागल्या. मॅडम त्यांना समजवायला शब्द शोधत होत्या, तोवर शाहीनने दारातून डोकं बाहेर काढलं. "घाबरू नका, मावशी. आजार नाही, आशीर्वाद आहे. गुलाबभाऊंनी दिलेला!"

* * *

आता सुमनबाईंचं. कचेरीत आम्ही निर्णय आधी करायचो आणि टिपणी मागून लिहायचो, त्या सवयीने निकाल आधी सांगून टाकतो. यंत्राची चुगली खरी होती. गाठ निघाली, पण लहान होती, वेळेत निघाली. ऑपरेशन झालं, पुढची ट्रीटमेंट झाली. आज त्या ठणठणीत आहेत आणि माझ्या खोट्या बँकेचं नाव काढून मला गावासमोर उभा-आडवा घेतात.

राहिलं ते हे, की त्या आल्या कशा.

आमच्याकडे लग्न ठरलं की बस्ता असतो. मुलीकडचे आणि मुलाकडचे सगळे मिळून जळगावच्या कापडबाजारात येतात आणि एका दुकानात दिवसभर गादीवर ठाण मांडून लग्नाचे सगळे कपडे घेतात. चहा येत राहतो, साड्यांचे ढीग पडत राहतात, आणि खरी लढाई होते ती विहिणींच्या साड्यांवर. कोणाला कोणता रंग शोभतो, यावर सोयरिकी मोडायची वेळ येते.

त्या दिवशी बुधवार होता. नेहमीप्रमाणे पहिला नंबर रिकामा ठेवून आम्ही दुसऱ्यापासून काम चालवलं होतं. दुपारी सेंटरच्या दारात सुमनबाई! हातात दुकानाची पिशवी, कपाळावर घाम.

"नाना, तो नंबर हाये का आजून?"

"आहे."

"मग लवकर करा. तिकडं बस्ता चालू हाये. मी ब्लाऊजपीसचं मॅचिंग पाहाले आलीये."

कधी न धावणाऱ्या मॅडम आतून धावत आल्या. त्यांनी सुमनबाईंचा हात धरला आणि त्यांना आत नेलं. शाहीन दवाखान्याचा गाऊन घेऊन मागे गेली. मी उगाचच टेबल पुसत बसलो.

थोड्या वेळाने दुसरी एक बाई आली. उंचीपुरी, नाकात मोठी चमकी, चालण्यात वरपक्षाचा रुबाब. आल्या आल्या इकडेतिकडे बघून तिने आवाज बारीक केला. "भाऊ, तुमनी गाडी नरडानाकडे उनी व्हती, तैं माले डाग दखाडा व्हता. आज जळगावले उनी शे, तर पटकन दखी ल्या. तठे बस्ता चाली राह्यना. मी सांगी उनी, मेंदीनं दुकान दखी येस."

एक बस्ता सोडून ब्लाऊजपीसच्या नावाने आलेली, दुसरी मेंदीच्या दुकानाच्या! माझा पेन थांबला.

"अन् भाऊ, कोनले सांगू नका. मना पोऱ्यानं लगन शे. सासूले आसं काही शे हाई समजनं, तर त्या घरमा पोरगी कोन देई?"

मी उठून काहीतरी करायला हवं होतं. त्यांना दुसऱ्या खोलीत न्यायला हवं होतं, मॅडमना इशारा द्यायला हवा होता. पण सरकारी माणूस उठेपर्यंत गोष्ट घडून गेलेली असते. आतलं दार उघडलं आणि मळकट निळ्या गाऊनमध्ये सुमनबाई बाहेर आल्या. "शाहीन, याच्या नाड्या पुढं बांधायच्या का मा..."

मागे मॅडम होत्या, त्या जागीच थिजल्या. शाहीनच्या हातात पुढच्या बाईसाठी काढलेला दुसरा गाऊन होता, तो तसाच अर्ध्यात राहिला. सुमनबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. आलेली बाई त्यांच्याकडे बघत होती, वरपासून खालपर्यंत, खालपासून वरपर्यंत. मग तिने दुकानात बसल्यासारखा हात कमरेवर ठेवला.

"विहीनबाई," ती म्हणाली, "हाऊ रंग काही तुमले शोभत नही."

सुमनबाईंनी शाहीनच्या हातातला दुसरा गाऊन खस्सकन ओढला आणि विहीणबाईंच्या अंगाला लावून धरला.

"तुम्हाले शोभतो का ते पाहू!"